पुदिन्याचं पान, तेल आणि सत्त्व: एकाच झुडपाच्या तीन वेगळ्या वस्तू

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातून एका ताईंनी चार गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आहे आणि सासूबाई म्हणतात, अमृतधारेचं, म्हणजे पुदिन्याचं सत्त्व आणि कापूर असलेल्या पातळ घरगुती औषधाचं, बोट नाकाशी लाव, लावावं का? फळीवर ठेवलेले पुदिन्याच्या सत्त्वाचे खडे, म्हणजे पुदिन्याच्या तेलातून निघणारे स्फटिक, मे महिन्यात आपोआप पाण्यासारखे झाले. ते खराब झाले का? सासऱ्यांना जेवणानंतर छातीत जळजळ होते आणि ते रोज पुदिन्याचा अर्क घेतात, चालेल का? आणि रोपवाटिकेतून आणलेला पुदिना घरच्यापेक्षा फार झोंबतो. तो चटणीत घालावा का?

बाळाचं आधी. लावू नका. नाकाशी नको, नाकपुडीत तर मुळीच नको, उशीवर किंवा दुपट्यावर थेंब टाकूनही नको. तान्ह्या बाळाच्या नाकात पुदिन्याच्या सत्त्वाचा तीव्र वास गेला, की घशाचं द्वार एकदम आवळून बसू शकतं आणि श्वास काही क्षण थांबतो. मोठ्या माणसाला जो झटका ‘नाक मोकळं झालं’ असा वाटतो, तोच लहान बाळाला गुदमरवतो. दोन वर्षांखालच्या मुलांना सत्त्व, कापूर किंवा त्यांचा बाम चेहऱ्याला, नाकाला, छातीला लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, म्हणून त्यांना नुसतं ‘नको’ म्हणू नका, कारणासकट सांगा.

दुसरं कारण खास आपल्या भागासाठी महत्त्वाचं आहे. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता काही मुलांना असते आणि काही आदिवासी समाजांत ती जास्त आढळते. अशा तान्ह्या बाळाच्या अंगाला, नाळेला सत्त्व किंवा कापूर असलेली औषधं लावली, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांचाही हाच धोका आहे. ही कमतरता बाहेरून पाहून कळत नाही, रक्त तपासूनच कळते. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बाळंतिणीच्या खोलीत या वस्तू नसलेल्याच बऱ्या.

बाळाच्या सर्दीला औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब पुरतात. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घाला आणि मऊ कापडानं नाक टिपा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त असेल, श्वास घेताना छातीखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता अमृतधारेत नेमकं काय असतं ते पाहू. पुदिन्याचं सत्त्व, कापूर आणि ओव्याचं फूल (ओव्याचं स्फटिकासारखं सत्त्व, थायमॉल) या तीन वस्तू वजनानं समान, उदाहरणार्थ दहा-दहा ग्रॅम, काचेच्या बुचाच्या बाटलीत घालून हलवतात. पाणी नाही, आच नाही, तरी तिन्ही कोरडे खडे थोड्या वेळात एकमेकांत विरघळून तेलासारखे होतात. सुट्टं सत्त्व 42 ते 45 अंशांच्या आसपास वितळतं, ओव्याचं फूल 50 च्या आसपास आणि कापूर तर 175 च्याही वर. पण एकत्र आले की तिघांचाही वितळण्याचा अंश इतका खाली येतो, की मिश्रण साध्या खोलीतही पातळ राहतं. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे ते सगळं सत्त्वच असतं, हे डोक्यात पक्कं बसवा.

हिशेब करून बघा. 1 मिलिलिटर, म्हणजे साधारण 20 थेंब, अमृतधारेत सुमारे 300 मिलिग्रॅम कापूर असतो. कापूर वजनाच्या दर किलोला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात गेला, तर लक्षणं नसली तरी रुग्णालयात न्यावं असा विषोपचाराचा ठोकताळा आहे. 10 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा बरोबर 300 मिलिग्रॅमवर येते. म्हणजे रांगणाऱ्या पोरानं उघड्या बाटलीतून घेतलेला एक घोट मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. कापरानं येणारे झटके फार लवकर, अनेकदा पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत येतात. म्हणून मुलानं ती प्यायल्याचं कळलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी चालू असतानाच झटका आला, तर द्रव फुफ्फुसात जातो. 108 ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना किती गेलं याचा अंदाज येतो. डोळ्यात उडाली तर वाहत्या साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा धुवा. चोळू नका.

बाटलीबद्दलही सांगतो. अमृतधारा पातळ प्लास्टिकच्या बाटलीत भरू नका. ती प्लास्टिक मऊ करते, ड्रॉपरचं रबर चिकट करून टाकते आणि मग थेंब मोजून पडत नाहीत, धार पडते. पूजेचा कापूर तर यात कधीच घालू नका. तो जाळण्यासाठी बनवलेला असतो, पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी लागणारी शुद्धता त्यात तपासलेली नसते. मोठ्या माणसानं घ्यायचीच झाली तर एक-दोन थेंब, तेही अर्धा पेला पाण्यात किंवा साखरेवर. गरोदरपणात, फेफऱ्याचा त्रास असताना आणि लहान मुलांना पोटातून देऊ नये.

तुमच्या फळीवरचं सत्त्व खराब झालेलं नाही. त्याचा वितळण्याचा अंश आणि भुसावळ-जळगावकडचा मे महिन्यातला पारा जवळजवळ एकच आहे. पत्र्याखालच्या फळीवर तर त्याहून जास्त तापतं. म्हणून इतर ठिकाणी वर्षभर खडे राहणारी बाटली आपल्याकडे वैशाखात पाण्यासारखी होते. बाटली मातीच्या माठाशेजारी गार जागी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात काचेच्या बारीक सळ्यांसारखे लांब स्फटिक परत बांधलेले दिसतील. ते सुईसारखे, स्वच्छ पांढरे आणि कोरडे असले तर माल चांगला. हाताला तेलकट लागले, पिवळे दिसले किंवा खाली चिकट थर राहिला, तर त्यात भेसळ आहे किंवा तेल पुरतं निथळलेलं नाही. एक मात्र नक्की तपासा: बूच सैल असेल तर वितळलेलं सत्त्व उडून जातं, बाटली निम्मी रिकामी होते आणि बंद खोलीत डोळे चुरचुरतात.

यातूनच मुख्य मुद्द्याकडे येतो. पुदिना गार करत नाही, गार वाटायला लावतो. आपल्या त्वचेत आणि तोंडात गारवा ओळखणारे ग्राहक, म्हणजे ती संवेदना टिपणारे सूक्ष्म ‘रिसेप्टर’, असतात. तापमान साधारण 25 ते 28 अंशांच्या खाली गेलं की ते मेंदूला खबर देतात. सत्त्वाचा मुख्य घटक मेंथॉल. तो याच ग्राहकाला चिकटून तापमान न बदलताच तीच खबर देतो. हा ग्राहक 2002 साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधला. त्या प्रयोगशाळांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना स्पर्श व तापमानाच्या संवेदनेवरील कामासाठी 2021 चं नोबेल मिळालं. सर्दीतही हेच होतं. नाकाची सूज तेवढीच राहते, हवेची वाट तेवढीच अरुंद राहते, फक्त मोकळं झाल्यासारखं वाटतं. तेवढा दिलासा मोठ्या माणसाला झोप लागण्यापुरता उपयोगी आहे, नाही असं नाही. वाफ घेताना पातेलंभर पाण्याला मोहरीएवढा एकच खडा पुरतो. जास्त टाकला तर डोळे मिटूनही आग होते. मुलाला मांडीवर घेऊन उकळत्या भांड्यावर धरू नका. भाजण्याचा धोका सर्दीपेक्षा मोठा आहे.

खान्देशात या गोष्टीला जिवाशी गाठ आहे. पारा 44-45 वर असताना अंग गार ठेवण्याचा एकच मार्ग शरीराकडे उरतो, तो म्हणजे घाम. डोक्याला, अंगाला थंडाईचं, म्हणजे पुदिन्याचं सत्त्व घातलेलं गार, तेल चोळलं की त्वचा ‘गार’ अशी खबर देते. शरीर ती खरी मानून कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि घाम उशिरा सुटतो. माणसाला बरं वाटत असतं आणि आतलं तापमान चढत असतं. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या रानात भर दुपारी काम करणाऱ्यानं पाठीला, मानेला थंडाई चोळून जाऊ नये. संध्याकाळी घरी आल्यावर डोक्याला थोडं लावलं तर हरकत नाही. ऊन लागलेल्या माणसाला तर बाम-तेल काहीच लावू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, आणि बडबड किंवा गुंगी असेल तर 108 बोलवा. पुदिन्याची पानं घातलेलं मिठाचं ताक किंवा कैरीचं पन्हं शुद्धीवर असलेल्याला जरूर द्या. तिथे काम पाणी आणि मीठ करतात, पुदिना चव आणतो.

सासऱ्यांचा अर्क काही दिवस बंद करा. पुदिन्याचं तेल आतड्याच्या आणि अन्ननलिकेच्या गुळगुळीत स्नायूंना सैल करतं, त्यातला कॅल्शियमचा प्रवाह अडवून. पोटात मुरडा असेल, वात अडकला असेल, तर हाच गुण कामाला येतो. पण अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप आहे, तीही स्नायूचीच आहे. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं. शेवभाजी आणि भाकरी खाऊन वर पुदिन्याचा अर्क घ्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं, म्हणजे जळजळीला दार उघडून देणं. आधी ढेकर येते, त्यानं हलकं वाटतं आणि म्हणून माणूस रोज घेत राहतो. अर्क, पुदिन्याच्या गोळ्या, पिपरमिंट घातलेलं पान हे सगळं दोन आठवडे थांबवा, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका आणि फरक बघा. पित्ताशयात खडे असतील तर पुदिन्याचं तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हे कळकळीनं सांगतो: दुखणं छातीच्या मध्ये दाबल्यासारखं असेल, घाम फुटत असेल, खांद्यात, हातात किंवा जबड्यात जात असेल, तर तो ‘गॅस’ समजून अर्क देत बसू नका. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास फार मोलाचा असतो.

पोटाच्या एका तक्रारीत मात्र पुदिन्याचं तेल नीट तपासलेलं औषध आहे. वारंवार मुरडा येतो, पोट फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ आणि तपासणीत काही निघत नाही, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात, त्या त्रासात पेपरमिंट या पुदिन्याच्या जातीच्या तेलाच्या आवरणवाल्या कॅप्सूल देतात. मोठ्या माणसाला एका वेळी 0.2 मिलिलिटर तेलाची एक कॅप्सूल, दिवसातून तीनदा, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी. आवरण अशासाठी, की कॅप्सूल जठरात न फुटता आतड्यात फुटावी. चावली किंवा आम्ल मारणाऱ्या गोळीबरोबर घेतली, तर आवरण वरच विरघळतं आणि छातीत आग होते. सुट्ट्या बाटलीतलं तेल चमच्यानं घेणं हा या कॅप्सूलचा पर्याय होऊ शकत नाही.

पाठ-कंबर दुखण्यावर बाम लावणाऱ्या घरातल्या सगळ्यांना एक सांगा. सत्त्व आणि गंधपुऱ्याचं तेल (विंटरग्रीन) असलेला बाम लावल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा घट्ट पट्टी नको. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2012 मध्ये अशा बामांनी कातडी भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता. तिथल्या गंभीर तक्रारींत बहुतेक बामांत मेंथॉल 3 टक्क्यांहून आणि गंधपुऱ्याचा घटक (मिथाइल सॅलिसिलेट) 10 टक्क्यांहून जास्त होता. आपल्याकडे बामावर शेक देण्याची रीतच आहे, म्हणून डबीवरचे टक्के वाचत चला. शेक हवा असेल तर आधी शेक घ्या, कातडी पूर्ण थंड होऊ द्या आणि मग बाम लावा. ताणानं कपाळ दुखत असेल, तर 10 टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळाच्या बाजूंना लावून मोठ्यांना आराम पडतो. डोळ्यांपासून दोन बोटं दूर ठेवा.

आता पान. पानाच्या खालच्या बाजूला भिंगातून पाहिलं तर पिवळसर चमकणारे ठिपके दिसतात. तेल त्यांत असतं, पानाच्या गराच्या आत नसतं. म्हणून पान नुसतं चुरगळलं तरी वास सुटतो आणि म्हणूनच ते उकळायचं नाही. उकळलं की ठिपके फुटून तेल वाफेबरोबर छताला जातं. सुकं पान दीड ग्रॅम, किंवा ताजी दहा-बारा पानं, कपात घ्या, वरून उकळतं पाणी दीडशे मिलिलिटर ओता आणि बशी झाका. पाच ते दहा मिनिटांनी बशी उचलून तिच्या खालच्या बाजूचे थेंब परत कपातच पाडा. असे दिवसातून दोन-तीन कप मोठ्या माणसाला पचनासाठी पुरे आहेत.

पण घरात कोणाला रक्त कमी असेल आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर हा चहा जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर नको. 1999 च्या एका अभ्यासात पेपरमिंटच्या चहानं पावाच्या जेवणातलं लोह शोषण सुमारे 84 टक्क्यांनी घटवलं. साध्या काळ्या चहाचा परिणामही जवळजवळ तेवढाच होता. दोन जेवणांच्या मध्ये, निदान दीड-दोन तासांचं अंतर ठेवून प्या. चटणीतल्या चमचाभर पुदिन्याची काळजी करू नका. मुली पीसीओडीसाठी घरच्या पुदिन्याचा चहा पितात, त्याबद्दलही: दिवसातून दोन कप महिनाभर घेतल्यावर पुरुषी संप्रेरक थोडं उतरल्याचं चाचणीत दिसलं आहे, पण तेवढ्या काळात अंगावरचे केस मोजण्यात फरक पडला नव्हता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यासाठी सोडू नयेत.

रोपवाटिकेतून आणलेलं तुमचं रोप बहुधा मेंथा, म्हणजे जपानी पुदिना आहे. ओळखायची खूण सोपी. घरचा पुदिना: पान देठाशिवाय जवळजवळ खोडालाच चिकटलेलं, सुरकुतलेलं, कडेला टोकदार दाते, फुलांचा तुरा फांदीच्या शेंड्याला. मेंथा: पानाला स्पष्ट देठ आणि फुलांचे झुबके शेंड्याऐवजी पानांच्या बगलेत. पेपरमिंटला पान देठाचं, फुलं शेंड्याला आणि खोडावर जांभळट झाक. फुलं नसतील तर एक पान चावा आणि तोंडानं हवा आत ओढा. घरच्या पुदिन्यात कार्व्होन हा गोडसर वासाचा घटक मुख्य असतो, म्हणून चव चटणीची लागते आणि थंडी नाही. मेंथ्याच्या तेलात 70 ते 80 टक्के मेंथॉल असतो, जीभ आधी कडवट होते आणि मग हवा बर्फासारखी लागते.

मेंथा चटणीत घातला तर विषबाधा होईल का? नाही. मेंथॉलची रोजची मर्यादा अन्न आणि आरोग्याच्या जागतिक संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं दर किलोला 4 मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 240. ताज्या मेंथ्यात तेल अर्धा ते पाऊण टक्का असतं. 10 ग्रॅम पानांतून सुमारे 45 मिलिग्रॅम मेंथॉल जातो. तेवढाच मेंथॉल सत्त्वाच्या एका छोट्याशा खड्यात असतो, आणि सत्त्व व पान यांत हाच फरक आहे. चव मात्र बिघडते. कोथिंबिरीच्या जुडीला मेंथ्याची चार-पाच पानंच घाला, ठेचा-चटणीसाठी घरचाच ठेवा आणि मेंथा चहाला वापरा.

ऑनलाइन बी विकणाऱ्यांपासून जपा. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा वांझ संकर आहे. त्याला खात्रीचं बी धरत नाही, त्यामुळे ‘पेपरमिंटचं बी’ म्हणून जे येतं ते दुसरंच काहीतरी असतं. ‘डास पळवणारा पुदिना’ म्हणून पेनीरॉयल विकला जातो. पानं लहान, गोलसर, रोप जमिनीला चिकटून पसरणारं. हा खायचा नाही. त्यातल्या प्युलिगोनचं शरीरात यकृताला जाळणारं द्रव्य बनतं. पूर्वी तो गर्भपातासाठी घेतला जाई. 1978 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत त्याचं सुमारे 30 मिलिलिटर तेल प्यायलेली तरुणी काही दिवसांत यकृत निकामी होऊन दगावली. कुंडीत आला असेल तर उपटून टाका, मुलांच्या हाताशी ठेवू नका.

लागवडीला बी नकोच. मुळं फुटलेल्या जमिनीलगतच्या कांड्या चार-पाच बोटं लांब तोडा आणि दोन बोटं खोल आडव्या पुरा. जानेवारी-फेब्रुवारी ही आपल्याकडे योग्य वेळ. एप्रिलमध्ये लावलेली कांडी जीव धरण्याआधीच होरपळते. आपली काळी जमीन एकटी वापरू नका. पाणी धरून ठेवते आणि कांड्या काळ्या पडून कुजतात. दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू, आणि कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट हवी. पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या, तर खत कमी नाही, चुनखडीच्या मातीत लोह अडकलंय. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा आणि ती पानं आठवडाभर खुडू नका. मेमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी आहे. आठवडाभर रोज पानांच्या खालच्या बाजूला जोरानं पाणी मारलं तर तो बहुधा हटतो.

अर्धा एकर मेंथा लावण्याचा विचार असेल तर आधी ऊर्ध्वपातनाची, म्हणजे वाफेनं तेल काढायची, टाकी किती अंतरावर आहे ते बघा. 100 किलो हिरव्या पाल्यातून अर्धा ते पाऊण किलो तेल निघतं. पाला गाडीत रचून लांब नेला तर आतून तापतो आणि तेल वाटेतच घटतं. टाकी जवळ नसेल तर लावू नका.

घरापुरतं सुकवायचं असेल तर फुलं येऊ लागताच, दव उडाल्यावर सकाळी कापा, जमिनीपासून चार बोटं सोडून, म्हणजे पुन्हा फूट येते. गटाराच्या पाण्यावर वाढलेली बाजारातली जुडी असेल तर पानं सुटी करून तीन पाण्यांनी धुवा. चादरीवर सावलीत एकेरी पसरा. उन्हात घातला तर आपल्याकडचं ऊन दोन तासांत तेल उडवून नेतं आणि हातात हिरवा भुसा उरतो. किलोभर ताज्यातून दीडशे ते दोनशे ग्रॅम सुकं मिळतं. पान मुठीत कुरकुरलं की काचेच्या बरणीत भरा, अख्खंच ठेवा आणि चहाच्या वेळी चुरा.